प्रसूतिपश्चात रक्तमापन

प्रसूतिपश्चात रक्तमापन : बाळ जन्मल्यावर मातेच्या अंगावरून किती रक्त गेले, हे नजरेच्या अंदाजावर न सोडता मापाने ठरवण्याची पद्धत. जन्मापासून २४ तासांच्या आत ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेले, तर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. १,००० मिलिलिटरला तो तीव्र ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील आकड्यांनुसार या एका कारणाने जगात दरवर्षी सुमारे ४५,००० स्त्रिया दगावतात. या विषयावरील अलीकडच्या संशोधनात कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचे (१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी) नाव वारंवार येते, कारण रक्त मोजणारी चादर आणि रक्त थांबवणारी गोळी या दोन्हींची कसोटी इथे लागली.

सीमाभागातल्या बोलण्यात या आजाराला वेगळे नाव नाही. ‘अंगावरून लई जातंय’, ‘वार पडली, पण रगत थांबंना’ असे सांगितले जाते. नर्सबाई कन्नड, बाळंतीण मराठी आणि सोबतची सासू दोन्हींची सरमिसळ करणारी, हे खानापूर-निपाणीकडचे नेहमीचे चित्र. त्यात मराठीतले ‘लई’ म्हणजे किती आणि कन्नडमधले ‘स्वल्प’ म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या धीरावर ठरते. पूर्वी हा निवाडा सुईण करी. कन्नड मुलखात तिला सूलगित्ती म्हणतात. तिचा हात अनुभवी असे, पण मापाच्या नावाने तिच्यापुढे भिजलेले लुगडे आणि गोणपाट एवढेच. ‘घाण रक्त जाऊ दे, पोट मोकळं होतंय’ हा समज आड येई तो वेगळाच.

रक्त इतक्या वेगाने का जाते, याचे उत्तर गर्भाशयाच्या रचनेत आहे. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्यामागच्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्यांना चिमटा बसतो तो गर्भाशयाच्या स्नायूंच्या आडव्यातिडव्या विणीचा: स्नायू आवळले की वाहिन्या दाबल्या जातात. स्नायू सैल राहिले तर चिमटा बसत नाही, आणि बहुतेक रक्तस्रावांचे मूळ हेच असते. वारेचा तुकडा आत राहणे, मार्गात जखम होणे, रक्त न गोठणे ही उरलेली कारणे. गर्भारपणात शरीरातले रक्त बरेच वाढलेले असते. त्यामुळे धडधाकट बाळंतीण पुष्कळ रक्त जाईपर्यंत बोलती-चालती दिसते, रक्तदाबही टिकून असतो, आणि मग ती एकदम ढासळते. केवळ रक्तदाबाकडे बघत बसणाऱ्याला उशीर होतो तो इथे.

नजर का फसते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भौतिकशास्त्राचा. फरशीवर साचलेले थारोळे डोळा रुंदीने जोखतो. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते, हे त्याच्या लक्षात येत नाही. सुती कापडात रक्त केशाकर्षणाने धाग्याधाग्यांतून पसरते, आणि वरचा डाग बघून आतल्या घडीची ओल कळत नाही. गर्भजल मिसळले की उलटी फसगत होते: थोडे रक्त पुष्कळ दिसते. एकंदरीत स्राव थोडा असताना अंदाज चढा जातो आणि खरोखर जास्त असताना उतरता. चूक नेमकी जिथे महागात पडते तिथेच ती जीवघेण्या दिशेने होते.

यावर बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील (स्थापना १९६३) डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी जे साधन वापरात आणले, ते दिसायला अगदीच साधे आहे: प्लास्टिकची चादर, तिला खाली नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा, आणि चादर पोटाभोवती बांधायला पट्टे. बाळ बाहेर आले आणि गर्भजल वाहून गेले, की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. मग रक्त अंथरुणात न मुरता पिशवीत उतरते. निमुळत्या तोंडाचा फायदा अभियांत्रिकीचा आहे. तळाशी थोडेसे रक्तही उंच चढते, म्हणून लहान आकडा नीट वाचता येतो. या चादरीला ‘ब्रास-व्ही’ असे नाव पडले.

चादर खरे माप देते का, हेही तपासले गेले. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ बाळंतिणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात नजरेने अंदाज, दुसऱ्यात चादर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नजरेचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. शिवाय १० पिशव्यांतील रक्त प्रकाश किती शोषला जातो या पद्धतीने प्रयोगशाळेत पुन्हा मोजले, आणि पिशवीचा आकडा त्याच्याशी चांगला जुळला. सरकारी दवाखान्यात, सरावलेल्या डोळ्यांसमोर, एक तृतीयांश रक्त हिशेबाबाहेर राहत होते.

मात्र चादर ही खरे तर एका मोठ्या प्रयोगाची मोजपट्टी होती. गर्भाशय आवळावे म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला हात लागतो. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईकडे त्या काळी दोन्हींची खात्री नव्हती. मिसोप्रोस्टॉल ही मूळची पोटातल्या अल्सरची गोळी. तिला थंडावा लागत नाही, सुई लागत नाही, आणि गर्भाशय आवळण्याचा तिचा गुण आधीच माहीत होता. तेव्हा याच गटातले रिचर्ड डर्मन, शिवप्रसाद गौडर आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर चाचणी घेतली. बाळंतपणे केली २५ सहायक परिचारिकांनी. नाळ बांधल्यावर पाच मिनिटांत ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले, ८०८ जणींना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे देणारीलाही ठाऊक नव्हते.

ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे असे: रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, तीव्र रक्तस्रावाचे १.२ वरून ०.२ टक्क्यावर. दर १८ बाळंतिणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. हुडहुडी आणि ताप हे दोन त्रास मात्र दिसले, ते काही वेळाने ओसरले. बाळंतिणीला हुडहुडी भरली की घरचे ‘वारं लागलं’ म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. तेव्हा गोळी देताना हे आधी सांगून ठेवणे औषधाइतकेच महत्त्वाचे. निम्म्या स्त्रियांना औषधच दिले नाही हे योग्य का, असा प्रश्न वाचकाला पडेल. तिथल्या रोजच्या बाळंतपणात तेव्हा असे औषध दिलेच जात नव्हते, हा त्यामागचा युक्तिवाद. तो तर्काला धरून असला तरी मनाला सहज पटण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये, ऑक्सिटोसिन नसेल तिथे रक्तस्राव टाळण्यासाठी म्हणून, मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. पिशवीवरचा आकडा नसता, तर गोळीचा हा गुण नजरेच्या चुकांत हरवून गेला असता.

गोळीचे वैर उन्हापेक्षा ओलाव्याशी आहे. हवेतली आर्द्रता लागली की मिसोप्रोस्टॉल निकामी होत जाते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेले पाकीट लागते. कणकुंबी-जांबोटीकडे, जिथे पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथे हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. अथणी-रामदुर्गकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अडचण उलटी: वीज गेली की फ्रिजमधल्या ऑक्सिटोसिनचा भरवसा जातो. ३० अंशांपर्यंत टिकणारे कार्बेटोसिन हे त्यावरचे नवे उत्तर. भारतासह १० देशांतल्या २९,६४५ स्त्रियांवरील चाचणीत (२०१८) ५०० मिलिलिटरच्या कसोटीवर ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. तीव्र रक्तस्रावाबाबत तेवढी खात्री देता आली नाही.

  

रक्तमापनाचा सर्वांत मोठा पुरावा मात्र आफ्रिकेतून आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत २,१०,१३२ प्रसूतींवर झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत खुणांची चादर वापरली आणि आकडा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले: गर्भाशयाला मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध), शिरेतून सलाइन, तपासणी. एकेक उपाय करून वाट बघायची नाही. २०२३ च्या निष्कर्षांनुसार तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. त्याहून बोलका आकडा ओळख पटण्याचा आहे. नेहमीच्या पद्धतीत ५१.१ टक्के रक्तस्राव ओळखले गेले, चादर असताना ९३.१ टक्के. यांतले एकही औषध नवे नव्हते.

आकडा कुठे ठरवायचा, हा वाद अजून ताजा आहे. ५०० मिलिलिटर म्हणजे नंदिनी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी. रक्त भरलेल्या बाईला ते सोसते, पंडुरोगी बाईला त्याहून कमीही भोवते, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकातील जवळपास निम्म्या गर्भवती रक्तक्षयी आहेत. अशा स्त्रियांना आधीच ट्रानेक्झॅमिक ॲसिड देऊन रक्तस्राव टाळता येईल, ही आशा १५,००० हून अधिक जणींवरील चाचणीत (२०२३) फोल ठरली. ऑक्टोबर २०२५ मधील जागतिक मार्गदर्शक सूचनांनी ५०० ची रेघ ठेवली. पण ३०० मिलिलिटर गेले असताना नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर लगेच हालचाल करावी असे सांगितले. पिशवी आणि नाडी दोन्हींकडे एकदम बघायचे, असा याचा अर्थ. ‘तायी कार्डा’वर, म्हणजे कर्नाटकातल्या गर्भवतीच्या नोंदपत्रावर, हिमोग्लोबिन लिहिलेले असते, बाळंतपणाच्या खोलीत ते उघडून पाहणे या नव्या सूचनेमुळे अधिकच गरजेचे झाले.

कर्नाटकातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये २२८ होते, ते २०१८-२० मध्ये ६९ झाले. सीमेपलीकडे महाराष्ट्रात याच काळात १४९ वरून ३३. ही घट एका गोळीची किंवा चादरीची नव्हे. घरची बाळंतपणे दवाखान्यात आली, १०८ ची गाडी आली, रस्ते झाले. राज्यांच्या आकड्यांतली रेघ प्रत्यक्षात तेवढी ठळकही नाही. चंदगड तालुक्यातल्या अडलेल्या बाळंतिणीला कोल्हापूर लांब पडते, बेळगाव जवळ.

चादरीला मर्यादा आहेत. गर्भजल निघून जाण्याआधी लावली तर आकडा फुगतो. आत साचून राहिलेले रक्त तिला दिसत नाही. सिझेरियनमध्ये तर ती फारशी उपयोगाचीच नाही, आणि ज्या घरगुती बाळंतपणांसाठी ती आली ती आता विरळ झाली आहेत. त्याच पाचव्या सर्वेक्षणात कर्नाटकातील ३१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळतात. तिथे शोषक बाटलीतले रक्त वेगळे मोजतात आणि भिजलेले बोळे तराजूवर ठेवून कोरड्या बोळ्यांचे वजन वजा करतात. रक्ताची घनता पाण्याहून किंचित जास्त, सुमारे १.०६, असल्याने एक ग्रॅमला एक मिलिलिटर धरले तरी चालते. त्यासाठी कोरड्या बोळ्याचे वजन आधी लिहून भिंतीवर लावलेले असावे लागते.