‘कन्नड येणारं माणूस द्या’ म्हणण्याआधी

तुमच्या ग्राहकांचे फोन घेणारी माणसं आम्ही पुरवतो. मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी, चारही भाषा येणारी एकच व्यक्ती फोनवर मिळेल का, हा प्रश्न आम्हाला रोज येतो. मिळते. सांगली-मिरजेत तर मिळतेच. जतपासून अथणीपर्यंत घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी अशी कितीतरी मुलं आहेत.

खोळंबा पुढे होतो. मराठी शाळेत शिकलेली जतची मुलगी कन्नड सुरेख बोलते, पण तिला कन्नड लिपी येईलच असं नाही. काम ठरवताना तुम्ही ‘कन्नड हवं’ एवढंच सांगता. आम्ही पंधरा दिवस तिला तुमचा माल, दर, तक्रार कशी लिहून घ्यायची ते शिकवतो. फोन सुरू झाल्यावर तुमचा निरोप येतो, ‘व्हॉट्सॲपलाही कन्नडमधून उत्तरं द्या.’ मग नवीन माणूस आणि पुन्हा पंधरा दिवस. त्याचे पैसे आम्ही लावत नाही, पण ऐन बेदाण्याच्या हंगामात तुमचे फोन वाजत राहतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. म्हणून प्रत्येक भाषेपुढे बोलणं, वाचणं, लिहिणं यांतलं नेमकं काय हवं ते पहिल्याच दिवशी लिहून द्या.

‘निवडीला एवढे दिवस कशाला?’ असंही विचारलं जातं. आम्ही मुलाखत फोनवरच घेतो, कारण समोर बसलेल्याचं बोलणं हातवाऱ्यांवरूनही कळतं. उमेदवाराला जमखंडीकडच्या शेतकऱ्याच्या बोलीतली तक्रार ऐकवतो आणि ती मराठीत लिहायला सांगतो. कन्नडमध्ये ऐवत्तु म्हणजे पन्नास, अरवत्तु म्हणजे साठ. खरखरत्या लाइनवर एवढी एक गफलत झाली, तरी हळदीच्या पोत्यांचा हिशेब चुकतो. म्हणून बंगळूरकडची पुस्तकी कन्नड आम्हाला पुरत नाही, या भागातलीच माणसं घेतो.

तमिळ, तेलुगू हवी असेल तर महिनाभर आधी सांगा. ती माणसं आमच्याकडे कायम नसतात.

येताना एक वही आणा. आठ दिवसांत फोन कुठून आले, किती वाजता आले आणि समोरचा कोणत्या भाषेत बोलला, एवढंच त्यात हवं. ती पाहून किती माणसं लागतील ते आम्ही विनामूल्य सांगतो. कधी सकाळच्या दोन तासांपुरतं एकच कन्नड माणूस पुरतं. तसं असेल तर तेवढ्याचंच काम घेतो.