देशाचं सोनं विकण्यावरून होणारा राजकीय वाद

मध्यवर्ती बँकेत किंवा सरकारी तिजोरीत राखून ठेवलेलं सोनं सरकारने विकावं का, कधी विकावं आणि कुणाला विचारून विकावं, यावरून वेगवेगळ्या देशांत जे राजकारण पेटलं त्याबद्दलची ही नोंद. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा गोखले रोडला सराफाकडे गेलेल्या कुणालाही यातली मुख्य गोष्ट माहितीये, सोनं मोडणं वेगळं आणि गहाण टाकणं वेगळं. पाटल्या मोडल्या की गेल्या, गहाण असल्या तर पैसे फिटले की हातात परत. सरकारवर तुटून पडताना मात्र हा फरक कुणी करत नाही आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

भारतात १९९१ ला दोन्ही झालं. आखाती युद्धाने तेल महागलं, परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, तेव्हा मे महिन्यात चंद्रशेखर सरकारने तस्करांकडून पकडलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, परत विकत घ्यायची सोय ठेवून, आणि त्यातून साधारण २० कोटी डॉलर आले. मग जुलैत, नरसिंह राव सरकार आल्यावर, रिझर्व्ह बँकेने आपलं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून ४० कोटी डॉलर उभे केले. सोनं विमानाने प्रत्यक्ष बाहेर पाठवावं लागलं, तेही गुपचूप, आणि बातमी फुटल्यावर देशाची अब्रू गेली असं लोकांना वाटलं, अर्थमंत्री मनमोहन सिंगांना संसदेत उत्तरं द्यावी लागली. काही महिन्यांत कर्ज फिटलं. माझ्या मते गहाण टाकणं बरोबरच होतं, अडीनडीलाच तर सोनं असतं, चुकलं ते लपवणं. घरातसुद्धा बायकोचं गंठण न सांगता गहाण टाकलं तर भांडण पैशावरून होत नाही.

ब्रिटनचं उलटं झालं, तिथे अडचण काहीच नव्हती. अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्या खात्याने मे १९९९ मध्ये जाहीर केलं की ७१५ टनांपैकी निम्म्याहून जास्त सोनं लिलावात काढणार, कारण सोन्यावर व्याज मिळत नाही आणि सगळी पुंजी एकाच गोष्टीत नको, पैसे डॉलर, युरो आणि येनच्या रोख्यांत घालायचे. हा विचार काही वेडगळ नव्हता. पण आधीच जाहीर केल्यामुळे भाव आणखी पडला, २० वर्षांतल्या नीचांकाला गेला, औंसाला (म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला) २५३ डॉलरच्या आसपास. पुढची ३ वर्षं मी सोनं मोडायला येत राहणार असं सराफाला आधीच सांगून कुणी भाव विचारत नाही! २००२ पर्यंत १७ लिलावांत ३९५ टन सोनं सरासरी २७५ डॉलरने गेलं आणि २०११ मध्ये भाव १९०० च्या घरात पोचला, ब्राऊन यांच्या विरोधकांनी ही गोष्ट अजून सोडलेली नाही.

युरोपातल्या मध्यवर्ती बँकांनी सप्टेंबर १९९९ मध्ये करार करून विक्रीवर वर्षाला ४०० टनांची मर्यादा घातली. करारात राहूनच स्वित्झर्लंडने १३०० टन विकलं, आणि तिथे २०१४ ला सोनं विकायला कायमची बंदी घालावी का यावर चक्क सार्वमत झालं, ७७ टक्के लोकांनी नको म्हटलं. कॅनडाने जवळपास सगळंच विकून टाकलं.

भारताने २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन विकत घेतलं, ६७० कोटी डॉलर मोजून. मार्च २०२५ ला रिझर्व्ह बँकेकडे ८७९ टन होतं. बेलापूरला रिझर्व्ह बँकेची कचेरी आहे म्हणून नवी मुंबईत बऱ्याच जणांना वाटतं सोनं तिथेच असणार, पण देशातलं सोनं मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत असतं, बाकीचं परदेशात.

आणि विकायचं ठरवलंच तर अडवणार कोण? रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात किमान ११५ कोटी रुपयांचं सोनं राखायची अट आहे, आजच्या भावाने ते एक टनही होत नाही. म्हणजे बाकी सगळं कायद्याने मोकळंच आहे, आणि संसदेला आधी विचारायची अट त्यात घालायलाच हवी.