मिलफर्ड साउंड क्वीन्सटाउनला लागून नाही

पाठीवर सॅक टाकून न्यूझीलंडला निघणाऱ्यांच्या मनात एक समज वर्षानुवर्षे घर करून आहे, तो असा की मिलफर्ड साउंड ही डोंगरकड्यांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी क्वीन्सटाउन या पर्यटन शहराला लागूनच असल्यामुळे सकाळच्या टूर बसने निघून दुपारपर्यंत परत येता येते. नकाशावर सरळ रेषेत हे अंतर जेमतेम 70 किलोमीटर भरते, हे खरे. परंतु मधल्या डोंगररांगा ओलांडणारा थेट रस्ताच नसल्याने बस दक्षिणेकडून वळसा घालून ‘ते आनाऊ’ नावाच्या गावामार्गे जाते आणि एका बाजूचा प्रवास सुमारे 290 किलोमीटरचा होतो. थांबे व बोटफेरी धरून 12 ते 13 तास सहज जातात. शेवटच्या टप्प्यात 1954 साली खुला झालेला, सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा होमर बोगदा लागतो. त्याच्या तोंडाशी गाड्या सिग्नलसाठी थांबल्या की केआ पोपट टपावर उतरून खिडक्यांचे रबर चोचीने उपटू लागतात. त्यांना काहीही खाऊ घालू नये, ही कळकळीची विनंती. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे हा रस्ता कधी कधी बंदही ठेवला जातो. म्हणून त्याच संध्याकाळच्या विमानाचे तिकीट काढू नये, आणि जमल्यास आदल्या रात्री ते आनाऊला मुक्काम करावा. तिथून जेमतेम 120 किलोमीटर उरतात.