खोक्यावरचा आकडा आणि गळालेली अट

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्याने घर घेतलंय, त्याला आकडा कसा वाचायचा हे शिकवावं लागत नाही. ब्रोशरवर ९५० चौरस फूट, आणि चावी हातात आल्यावर टेप लावली की साडेसहाशे. दोन्ही आकडे खरेच. एक सुपर बिल्ट-अपचा, दुसरा कार्पेटचा. २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं, आणि कार्पेट एरिया सांगणं बिल्डरला भाग पडलं. मॉनिटरच्या खोक्यावरच्या आकड्यांच्या वाट्याला अशी एकच, सगळ्यांना सक्तीची मोजणी अजून आलेली नाही. मागच्या बाजूला बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो खरा, पण तो विजेच्या सुरक्षिततेचा. चित्र कसं दिसेल याबद्दल तो काही बोलत नाही.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतली एक मुलगी डिझाइन शिकते. परवा मॉनिटरची दोन माहितीपत्रकं घेऊन आली. "काका, याच्यावर १ मिलिसेकंद लिहिलंय आणि याच्यावर ५. म्हणजे पहिला पाचपट फास्ट ना?" तिला उत्तर देता देता मला मागचा सगळा इतिहास काढावा लागला. कारण यातला जवळजवळ प्रत्येक आकडा सुरुवातीला एखाद्या स्पष्ट अटीसकट जन्माला आला होता. पुढे आकडा राहिला, अट गळाली.

साध्या गोष्टीपासून सुरुवात करू: आकार. जुन्या काचेच्या, म्हणजे सीआरटी मॉनिटरवर १७ इंच लिहिलेलं असे, पण तो काचेच्या नळीचा कर्ण. तिच्या कडा प्लॅस्टिकच्या चौकटीखाली जात आणि डोळ्यांना दिसे सुमारे १६ इंच. अमेरिकेत १९९० च्या दशकात यावरून ग्राहक कोर्टात गेले, आणि 'दिसणारा आकार' वेगळा छापण्याची पद्धत रुजली. एलसीडी आल्यावर हा प्रश्न संपला, कारण तिथे सांगितलेला कर्ण पूर्ण दिसतो. पण कर्ण म्हणजे क्षेत्रफळ नव्हे, हे सहज विसरलं जातं. ५:४ आकाराच्या १९ इंची पडद्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे १७६ चौरस इंच. १६:९ च्या १९ इंचीचं फक्त १५४. शिवाय जुन्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या १०२४ ओळी, तर स्वस्तातल्या रुंद पडद्यांवर बहुतेक वेळा ७६८. तुर्भ्याच्या एपीएमसीत गाळ्यावर टॅली चालवणाऱ्या माणसाला हा फरक रोज जाणवतो: लेजरच्या नोंदी कमी दिसतात, खाली-वर करणं वाढतं. खोक्यावर मात्र दोन्हीकडे १९ च.

आता त्या मिलिसेकंदांकडे, म्हणजे पडद्यावरचा ठिपका छटा बदलायला किती वेळ घेतो त्याकडे येतो. हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणाराही.

सिडकोची स्थापना झाली त्याच १९७० साली, डिसेंबरात, स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी 'ट्विस्टेड नेमॅटिक' पेशीच्या पेटंटसाठी अर्ज केला. टीएन पॅनल म्हणतात ते हेच. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचे रेणू पीळ घालून बसवलेले असतात. व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. व्होल्टेज काढलं की रेणू आपले आपण जागेवर येतात. ढकलताना जोर आपल्या हातात असतो, परतताना नसतो. म्हणून काळं होणं आणि पुन्हा पांढरं होणं यांना सारखा वेळ लागत नाही. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकाने मोजणी ठरवून दिली ती हे लक्षात घेऊनच: काळ्यावरून पांढऱ्यावर आणि परत काळ्यावर, दोन्हीची बेरीज. तीसुद्धा बदलाच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतच. दोन्ही टोकांचा उरलेला भाग हिशेबाबाहेर.

या मोजणीने २५ मिलिसेकंदांचे पडदे १६ पर्यंत आले. १६ ला अर्थ होता, कारण ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं या वेगाने, एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. पण रोजच्या वापरात निखळ काळ्यावरून निखळ पांढऱ्यावर उडी क्वचितच पडते. राखाडीच्या एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जाणंच जास्त, आणि तिथे व्होल्टेजमधला फरक थोडा असल्याने रेणू अधिक सुस्त हलतात. यावर तोडगा म्हणून ओव्हरड्राइव्ह आला: क्षणभर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन रेणूला धक्का द्यायचा. साधारण २००४-०५ पासून खोक्यांवर 'ग्रे टू ग्रे' दिसू लागलं. मोजायची गोष्टच बदलली, पण शब्द तोच राहिला: रिस्पॉन्स टाइम. कोणत्या छटेवरून कोणत्या छटेवर, सगळ्या छटांची सरासरी की त्यातली सर्वांत चपळ उडी, हे छापणं कुणाला बंधनकारक नव्हतं. मेनूमधली सर्वांत तीव्र ओव्हरड्राइव्ह लावून मिळालेला आकडा खोक्यावर येतो. घरी तीच लावली की हलत्या वस्तूच्या मागे उजळ कडा उमटते आणि आपण ती बंद करून टाकतो.

पुढचा टप्पा एमपीआरटी. एलसीडी प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो आणि डोळा मात्र वस्तूबरोबर सरकत राहतो. त्यामुळे रेणू कितीही चपळ असले तरी चित्र पुसटतं. सीआरटीत हा त्रास कमी, कारण तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझत असे. हे पुसटणं मोजतो तो एमपीआरटी. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, भराभर उघडझाप करून तो १ मिलिसेकंदापर्यंत आणता येतो, पण उजेड कमी होतो. त्या मुलीच्या पहिल्या पत्रकावर अगदी बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलं होतं. दुसऱ्यावर ग्रे टू ग्रे. एकाचं वजन आणि दुसऱ्याची उंची शेजारी ठेवून तुलना करावी, तसं ते झालं होतं. डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संघटनेने २०२२ मध्ये क्लियरएमआर नावाची श्रेणी आणली. ती मिलिसेकंद सोडून धूसर पिक्सेलच्या तुलनेत स्पष्ट पिक्सेल किती, हे सांगते. मला हा रस्ता बरोबर वाटतो.

कॉन्ट्रास्टची गोष्ट थोडक्यात. पांढऱ्याचा उजेड भागिले काळ्याचा उजेड. टीएन आणि आयपीएस या जातींच्या एलसीडी पॅनलला साधारण १०००:१, व्हीए या तिसऱ्या जातीला ३०००:१ च्या आसपास. मग 'डायनॅमिक' आला: पांढरं मोजताना बॅकलाइट पूर्ण, काळं मोजताना बॅकलाइट मंद किंवा बंदच. कोट्यवधींचे आकडे यातूनच आले. एकाच चित्रात शेजारी शेजारी असलेल्या काळ्या-पांढऱ्याशी त्यांचा संबंध नाही. दिवसा खिडकीसमोर बसलात तर काचेवरचा उजेडच काळ्याला राखाडी करतो, मग खोक्यावर काहीही असो.

पाहण्याच्या कोनाचा १७८ अंश हा आकडा समोरचा कॉन्ट्रास्ट घसरून १०:१ उरेपर्यंतचा. म्हणजे हजाराचे दहा झाले तरी तुम्ही 'कोनात' आहात. रंग केव्हा बदलले, याची त्यात नोंद नाही. काही कंपन्या तर ५:१ पर्यंत मोजत, आणि त्याच पडद्याचा कोन जास्त भरे.

रंगांबाबत दोन खाचा आहेत. १.६७ कोटी रंग म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा. स्वस्त पॅनलला खरोखर ६४ च छटा जमतात, म्हणजे २,६२,१४४ रंग. मधल्या छटा दोन रंग भराभर आलटून पालटून दाखवून भासवतात. काही पत्रकांवर १.६२ कोटी असं लिहिलेलं असे. तो प्रामाणिक इशाराच होता, फक्त वाचणारा कुणी नसे. दुसरी खाच 'एनटीएससी टक्के'. हे १९५३ चं अमेरिकी टीव्हीचं मोजमाप. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं तेही पाल पद्धतीचं, तरी नवी मुंबईतल्या दुकानात आजही रंग एनटीएससीच्या पट्टीने मोजतात. संगणकाच्या रंगांची व्याप्ती ठरवणारा एसआरजीबी १९९६ मध्ये मांडला गेला, आणि रंगांच्या आलेखावर तो क्षेत्रफळाने एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के भरतो. पण ७२ टक्के एनटीएससी म्हणजे पूर्ण एसआरजीबी झाकला असं नाही. क्षेत्रफळ तेवढंच असून आकार बाजूला सरकलेला असू शकतो.

'एचडीआर सपोर्ट', म्हणजे उजेड-अंधारातला जास्त मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राची सोय, हा शब्दही असाच सैल. बऱ्याचदा त्याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, एवढाच. डिसेंबर २०१७ मध्ये व्हेसाने डिस्प्लेएचडीआर ४०० पासूनच्या पायऱ्या ठरवल्या. तिथे निदान उजेडाचं एक किमान माप आहे.

मुलीच्या पहिल्या पत्रकावर ७२ टक्के एनटीएससी होतं, दुसऱ्यावर ९९ टक्के एसआरजीबी. तिला गेम खेळायचे नव्हते, पोस्टर करायची होती. वाशीच्या दुकानात तिने दोन्ही मॉनिटर शेजारी लावायला सांगितले, पेन ड्राइव्हवर स्वतःच्याच कामाची फाइल नेली, उभं राहून आणि बसून पाहिलं, आणि ५ मिलिसेकंदवाला घेऊन आली.