राखणदाराला किती दिवस नारळ द्यायचा?

गणपतीला दापोलीत घरी आलेला भाचा पडवीत लॅपटॉप उघडून जुन्या प्रोग्रॅममधली असेम्ब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेल्या ओळी, पुसत होता. मी हादरलोच. असेम्ब्ली म्हणजे वेग, ही आमच्या पिढीची पक्की समजूत.

आधी असेम्ब्ली तिथे कशाला, ते सांगतो. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चाललाय आणि टोपल्यांची मोजणी दोन माणसं एकाच वहीत ठेवतायत, असं समजा. वहीत 40. दोघांनी एकदमच 40 वाचलं, मनात एक मिळवला, दोघांनीही 41 लिहिलं. टोपल्या दोन आल्या, वही एकच म्हणते! प्रोसेसरच्या दोन कोअरचं, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या त्याच्या दोन भागांचं, नेमकं हेच होतं, कारण 'एक वाढव' म्हणजे वाचणं, वाढवणं, लिहिणं.

इंटेलच्या प्रोसेसरांच्या घराण्यात यावर 'लॉक' लावतात : काम संपेपर्यंत कॅशमधली (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतली) ती ओळ एकाच कोअरच्या ताब्यात. एआरएम या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्याची जुनी रीत मला जास्त आवडते. तिथे वही कुणी अडवत नाही. वाचताना खूण करायची, लिहायच्या वेळी खूण मोडलेली दिसली तर लिखाण नाकारलं जातं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचा. भांडण नाही, नुसती फेरी वाढते. पुढे एआरएम 8.1 या आवृत्तीत हे सगळं एकाच सूचनेत आलं.

2011 पर्यंत सी भाषेच्या अधिकृत मानकात थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकदम चालणाऱ्या धाग्यांचा, पत्ताच नव्हता. म्हणून लोकांनी ज्या त्या कंपायलरच्या (प्रोग्रॅमचा यंत्रसंकेत करणाऱ्या साधनाच्या) बोलीत असेम्ब्ली घुसवली. पण जीसीसी हा कंपायलर त्या मजकुराच्या आत डोकावत नाही. कुठली रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतले इवले कप्पे) वापरली, मेमरी बदलली का, हे आपणच कळवायचं. 'मेमरी' हा शब्द लिहायचा राहून गेला, तर इतर चलांच्या रजिस्टरमध्ये धरलेल्या शिळ्या किमती जीसीसी खुशाल पुढे वापरतो, आणि चूक बहुधा ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरची वेगवाढ, चालू केल्यावरच उगवते. जीसीसीत अशा न तुटणाऱ्या बेरजेसाठी अंगभूत फंक्शनं 2006 पासून आहेत, 2012 पासून तर मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम सांगता येणारीही.

तरी जुन्या ओळींना हात लावायचा नाही, कोपतील! आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, वर्षाचा नारळ देतात, तसंच हे. तोही मला पटत नाही, पण निदान त्या नारळाचा प्रसाद तरी मिळतो.

भाच्याने इंटेलसाठी तयार झालेला यंत्रसंकेत शेजारी-शेजारी दाखवला. जुन्या असेम्ब्लीत 'लॉक एक्सअ‍ॅड', म्हणजे वाढव आणि आधीची किंमतही आणून दे. अंगभूत फंक्शनच्या नव्या एका ओळीतून निघालं साधं 'लॉक अ‍ॅड'. आधीची किंमत पुढे कुणी वापरतच नव्हतं, हे कंपायलरने पाहिलं होतं.