पोलीस चकमक (मुंबई व महाराष्ट्र)

पोलीस चकमक : संशयित गुन्हेगार व पोलीस यांच्यातील गोळीबार, ज्यात बहुधा संशयिताचा मृत्यू होतो. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात ‘एन्काउंटर’ हाच शब्द रुळला आहे. आधीच ताब्यात घेतलेल्या माणसाला मारून गोळीबाराचा देखावा उभा केला, तर तिला बनावट चकमक म्हणतात. ‘चकमक’ नावाचा कोणताही वेगळा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला नाही. स्वसंरक्षणाचा जो हक्क सामान्य नागरिकाला आहे (आधीच्या भारतीय दंड संहितेत कलमे ९६ ते १०६), तोच पोलिसाला. अटकेला विरोध झाला तर बळ वापरण्याची मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होती. पण ज्याच्यावर देहदंडाच्या वा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही, असेही तिथेच लिहिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांत ही तरतूद जवळपास जशीच्या तशी आली आहे.

कागद कसा तयार होतो

मुंबईतल्या चकमकींच्या बातम्या सलग वाचल्या, तर नावे व ठिकाणे बदलतात, मजकूर फारसा बदलत नाही. खास खबऱ्याकडून माहिती मिळते, सापळा रचला जातो, संशयिताला शरण येण्याचे आवाहन केले जाते. तो गोळीबार करतो, प्रत्युत्तरात पोलीस स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडतात, जखमीला रुग्णालयात नेले जाते आणि दाखल करण्यापूर्वीच तो मरण पावल्याचे डॉक्टर सांगतात. घटनास्थळी एक पिस्तूल व काही काडतुसे मिळतात. पोलीस बहुतेक वेळा सुखरूप असतात.

या मजकुराला कायदेशीर रूप मिळते ते पोलीस ठाण्यात. पथकातलाच एक अधिकारी फिर्यादी होतो आणि मेलेला माणूस खुनाच्या प्रयत्नाचा आरोपी. आरोपी हयात नसल्याने खटला चालत नाही, प्रकरण ‘अबेट समरी’त (आरोपी मरण पावल्याने प्रकरण बंद, असा पोलिसांचा अहवाल) निघते. मृत्यूची स्वतंत्र नोंद झालीच तर ती ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून, खून म्हणून नाही. त्यामुळे गोळी झाडणाऱ्याने बळ योग्य वापरले का, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे आपोआप येत नाही. उत्तरदायित्वाचा वाद वरकरणी कायद्याच्या तत्त्वांचा दिसला, तरी प्रत्यक्षात तो बराचसा या पहिल्या कागदाचा आहे: तो कोणी लिहायचा आणि त्याला आव्हान देणारा दुसरा कागद कुठून यायचा.

प्रथेची वाढ

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ गुंड मन्या सुर्वे मारला गेला. मुंबईतली पहिली चकमक म्हणून सहसा हीच सांगितली जाते. १६ नोव्हेंबर १९९१ ला अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात अतिरिक्त आयुक्त आफताब अहमद खान यांच्या पथकाने भरदिवसा काही तास गोळीबार केला. माया डोळस, दिलीप बुवा या गुंडांसह सात जण ठार झाले आणि रहिवाशांनी हे सारे खिडक्यांतून पाहिले. खऱ्या अर्थाने ही नेहमीची पद्धत बनली ती नव्वदीच्या उत्तरार्धात. खंडणीचे फोन बिल्डर, हॉटेलवाले, चित्रपट निर्माते सर्वांनाच येत होते. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये संगीत व्यवसायातले गुलशनकुमार यांची हत्या झाली. दहशतवादाविरुद्धच्या कडक टाडा कायद्याची मुदत १९९५ मध्ये संपली होती, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा मकोका कायदा यायला १९९९ उजाडायचे होते. पकडलेला माणूस जामिनावर बाहेर येतो, साक्षीदार फिरतात, ही पोलिसांची तक्रार खोटी नव्हती.

नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या उपनिरीक्षकांच्या तुकडीतले प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे हे अधिकारी याच काळात ‘चकमकफेम’ झाले. हे विशेषण मराठी पत्रकारितेने दिले आणि कोणताही संकोच न ठेवता वापरले. कोणाच्या नावावर किती बळी, याचे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे छापले जात. कायद्याच्या दृष्टीने त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे चौकशी व्हायला हवी असा एक मृत्यू होता, हे त्या बातम्यांतून क्वचितच कळे.

न्यायालये व नियम

ऑगस्ट १९९७ मध्ये जावेद फावडा म्हणून मारला गेलेला माणूस गुंड नसून शेंगदाणे विकणारा होता, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. त्यावर उच्च न्यायालयाने न्यायाधीश ए. एस. आगियार यांच्याकडे चौकशी सोपवली. पोलिसांनी सांगितले तशी चकमक झालीच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला, मात्र पुढील चकमकींसाठी काही नियम घालून दिले. त्या निकालाविरुद्धचे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेचे अपील सर्वोच्च न्यायालयात पंधरा वर्षे राहिले. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतील सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू, हा त्याचा विषय होता.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा व न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी दिलेल्या निकालात १६ सूचना आहेत. माहिती मिळाली की ती कारवाईआधी लेखी नोंदवावी. मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवून तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यावा, आणि तपास अधिकारी चकमकीतल्या प्रमुखापेक्षा किमान एका दर्जाने वरचा असावा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे, त्याचे चित्रीकरण व्हावे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी प्रत्येक प्रकरणात सक्तीची. वापरलेली शस्त्रे तपासणीसाठी जमा करावीत. चकमकीपाठोपाठ शौर्यपदक वा बढती देऊ नये. पोलिसांच्या एकट्या कथनावर विसंबायचे नाही, हा या साऱ्याचा रोख आहे. निकाल चांगला आहे. त्याची अडचण एवढीच, की तो अमलात आणायचा तोही पोलीस खात्यानेच.

लखनभैया प्रकरण

११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला एका मित्रासह वाशीतून उचलण्यात आले. त्याचा भाऊ वकील होता. गुप्ताला पोलिसांनी नेल्याचे व त्याच्या जिवाला धोका असल्याचे कळवणाऱ्या तारा व फॅक्स त्याने त्याच दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवले. संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ गुप्ता चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. एरवी हा मृत्यूही फायलीत बंद झाला असता. पण या वेळी पोलिसांच्या फिर्यादीपेक्षा आधीची वेळ असलेला कागद सरकारी कार्यालयांतच पडून होता.

तरीही पुढची वाट सोपी नव्हती. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल २००८ मध्ये आला, उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक २००९ मध्ये नेमले. गुप्ताबरोबर उचलला गेलेला मित्र हा मुख्य साक्षीदार. मार्च २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर तो बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले, प्रदीप शर्मा मात्र सुटले. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने ११ पोलिसांच्या जन्मठेपेला स्थगिती दिली. तो आदेश उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला. १९ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मा यांची सुटका उलटवून त्यांना जन्मठेप दिली आणि १२ पोलिसांची शिक्षा कायम केली. साक्षीदाराच्या मारेकऱ्यांना अजून शिक्षा नाही, ही शरमेची गोष्ट असल्याचेही खंडपीठाने नोंदवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्मा यांना अंतरिम दिलासा दिला.

याच प्रकरणातल्या पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला होता. बनावट चकमक करणाऱ्या पोलिसांचा गुन्हा ‘दुर्मिळातला दुर्मीळ’ मानून त्यांना फाशी द्यावी, असे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी तेव्हा लिहिले. तशी शिक्षा या प्रकरणात कोणालाही झाली नाही.

मंजुरीची अट

कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस याला डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तपासासाठी नेताना जीप उलटली आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. सीआयडी तपासात हे कथन टिकले नाही. १४ पोलिसांवर ठपका होता, सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती सचिन वाझे यांच्यासह चौघांपुरतीच. जून २०२० मध्ये या चौघांना सेवेत परत घेतले गेले आणि २०२१ मध्ये वाझे दुसऱ्याच एका प्रकरणात अटक झाले. युनूसच्या आईची न्यायालयीन लढाई या सगळ्या काळात चालूच राहिली.

लोकमत

चकमकींना लोकांचा पाठिंबा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. खटले वर्षानुवर्षे रखडतात, हा समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे. विरोधकांचे म्हणणे, रखडलेल्या न्यायाचा उपाय न्यायालये वाढवणे हा आहे. ते तुकाराम ओंबळे यांचे उदाहरण देतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर या सहायक उपनिरीक्षकाने अजमल कसाबची रायफल धरून ठेवली, स्वतः गोळ्या झेलल्या, आणि कसाब जिवंत हाती लागला. रीतसर खटला व अपिले होऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली. ‘चकमकफेम’ विजय साळसकरही त्याच रात्री अतिरेक्यांच्या गोळ्यांनी शहीद झाले. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, त्यामुळे त्या रात्रीचा दाखला दोन्ही बाजू देतात.

२३ सप्टेंबर २०२४, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांना बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचार प्रकरणाचा आरोपी अक्षय शिंदे मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावल्याचे पोलिसांनी सांगितले. बदलापुरात फटाके वाजले. मुंबईत ‘बदला पुरा’ लिहिलेले आणि हाती पिस्तूल घेतलेल्या देवेंद्र फडणवीस यांचे चित्र असलेले फलक लागले. गोळी पायावर न झाडता डोक्यात का, असे उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्यानंतरही गुन्हा नोंदला गेला नाही. अकस्मात मृत्यूची नोंद करून सीआयडी तपास करत आहे, ही सरकारची बाजू होती. मुलाच्या मृत्यूची दाद मागणाऱ्या आई-वडिलांनी मधेच प्रकरण पुढे न्यायचे नसल्याचे सांगितले, तेव्हा न्यायालयाने न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा वकील) नेमून सुनावणी चालू ठेवली. ७ एप्रिल २०२५ रोजी खंडपीठाने विशेष पथकाचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे, असा बदल झाला.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी खात्याबाहेरची यंत्रणा हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात. ते चौकशी करून अहवाल देते. खटला चालवण्याचा किंवा शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही.