आवाजाचा नेम

‘चिरफाड न करता आवाजाने गाठ जाळली’ अशी बातमी आली की हे तंत्र कालपरवाच निघालं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने शरीराच्या खोल भागातली ऊती जाळता येईल, हे १९४२ पासून माहीत आहे. तेव्हा पोटातलं बाळ दाखवणारी सोनोग्राफीसुद्धा आली नव्हती. पुढची साठेक वर्षं एकाच अडचणीने खाल्ली: ध्वनी नेमका कुठे पडतोय, हे डॉक्टरांना दिसायला हवं होतं.

सुरुवात पाणबुड्यांपासून झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या हुडकण्यासाठी फ्रान्सच्या तूलाँ बंदरात पॉल लांजव्हँ क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात तीव्र ध्वनिलहरी सोडत होते. विजेने कंप पावणाऱ्या स्फटिकांचं विज्ञान क्युरी बंधूंच्या १८८० च्या शोधातून आलेलं. या लहरींच्या वाटेत आलेले लहान मासे मरत, आणि टाकीत हात घातला तर हाडापर्यंत वेदना होई. हे पाहून गेलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. पुढे वॉल स्ट्रीटवर गब्बर झालेल्या आल्फ्रेड लूमिस यांच्या टक्सीडो पार्कमधल्या खासगी प्रयोगशाळेत दोघांनी याचा पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये निष्कर्ष छापले. तीव्र ध्वनीने मासे, बेडूक मरतात, रक्तपेशी फुटतात. ही ताकद औषधाच्या कामी आणायचा विचार मात्र त्यात नव्हता.

तो आला १९४२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. भिंगाने उन्हाचा एक ठिपका करून कागद पेटवावा, तशी लिन, झ्वेमर आणि चिक यांनी ध्वनिलहरी वाकवून एका बिंदूवर आणली. जनावराच्या यकृताच्या तुकड्यात वरचा थर शाबूत राहून आतला ठिपका जळाला. मग जिवंत प्राण्यांच्या मेंदूवर प्रयोग झाला, आणि तिथे कवटी आडवी आली. हाड ध्वनी शोषतं, परतवतं, वेडावाकडा करतं. मेंदूत परिणाम झाला खरा, पण डोक्याची कातडीही होरपळली.

इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी कवटीचा प्रश्न सरळ बाजूला सारला: हाडाचा तुकडाच काढून ठेवला. चार स्रोतांचे झोत एका बिंदूवर आणून ते मेंदूच्या आत काही मिलिमीटरचा भाग नष्ट करू लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठात शल्यचिकित्सक रसेल मायर्स यांच्यासोबत त्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर उपचारही केले. काम थक्क करणारं होतं. पण शेवटी कवटी उघडावी लागतेच, तर मग ध्वनीचा फायदा तो काय? स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनीही ध्वनी हाताळून पाहिला आणि किरणोत्साराकडे वळले. गॅमा किरणांना कवटीचं सोयरसुतक नसतं. लेक्सेल यांचा ‘गॅमा नाइफ’ १९६८ मध्ये कामाला लागला. त्याच सुमारास कंपवातावर लेव्होडोपा हे औषध आलं आणि फ्राय बंधूंची वाट ओस पडली.

या मधल्या काळात ध्वनी शस्त्रक्रियागृहात शिरला तो वेगळ्याच दाराने. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांना दातांवरचं कीटण काढणाऱ्या कंप पावत्या उपकरणावरून मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची कल्पना सुचली, आणि १९६७ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. आज गावोगावच्या नेत्रालयांच्या पाटीवर दिसणारं ‘फेको’ ते हेच. त्याच तत्त्वावरचं ‘क्युसा’ हे उपकरण सत्तरच्या दशकाच्या शेवटी मेंदूतल्या गाठी आणि यकृताच्या शस्त्रक्रियांत आलं. त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, पाणीदार मऊ ऊती फोडून ओढून घेतं, पण चिवट रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी वाचवतं. यात चीर द्यावीच लागते, म्हणून बातमी होत नाही. पण रोजच्या कामात आजवर किती शल्यचिकित्सकांच्या हाताला ध्वनीने मदत केली असं विचाराल, तर माझ्या मते याच शाखेचं पारडं जड ठरेल.

दिसण्याचा प्रश्न सुटला दोन बाजूंनी. चीनमध्ये छोंगछिंगच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या गटाने सोनोग्राफीलाच डोळा बनवलं आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हाडांच्या व इतर कर्करोगांवर उपचार सुरू केले. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात फेरेन्ट्स योलेस आणि कुलेर्वो ह्युन्युनेन यांनी एमआरआय निवडला. एमआरआयमध्ये नुसती गाठ दिसत नाही. पाण्यातल्या प्रोटॉनची वारंवारिता तापमानासोबत किंचित सरकते, त्यावरून ऊती किती अंशांनी तापली हेही कळतं. म्हणजे काहीही न जाळता आधी थोडं तापवून नेम तपासता येतो. इस्रायलच्या इनसाइटेक कंपनीच्या अशा यंत्राला गर्भाशयातल्या फायब्रॉइडसाठी, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींसाठी, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये मान्यता दिली. उपचार मात्र वेळखाऊ. एकेक ठिपका जाळायचा, थंड होऊ द्यायचा, मग पुढचा; त्यात रुग्ण तासन्‌तास एमआरआयच्या बोगद्यात. मध्ये आतडी आली तर त्यातल्या हवेवर आदळून हा ध्वनी मागे फिरतो.

कवटीचं कोडंही मोजमापानेच सुटलं. सीटी स्कॅनवरून प्रत्येक जागी हाड किती जाड, किती घट्ट हे काढायचं, आणि डोक्याभोवतीच्या टोपीतल्या १,०२४ स्रोतांपैकी प्रत्येकाची लहर त्या हिशोबाने क्षणभर आधी किंवा नंतर सोडायची, की आत सगळ्या एका बिंदूवर भेटतात. हाड तापू नये म्हणून टोपीत थंड पाणी खेळवतात. हात थरथरण्याच्या विकारात रुग्ण जागा असतो. मेंदूच्या थॅलॅमस या खोल भागातला ठिपका हलका तापवला की त्याला कागदावर चक्री काढायला सांगतात. रेघ सुधारली तर नेम बरोबर, मग तापमान ५५ अंशांच्या पुढे नेऊन तो भाग कायमचा नष्ट करतात. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफ इलायस यांच्या नेतृत्वाखाली ७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी खोटा उपचार दिलेल्यांत जवळपास काहीच फरक नव्हता. काहींना बधिरपणा आला, काहींचा चालताना तोल गेला, आणि थोड्यांना हा त्रास वर्षभरानंतरही होता. २०१६ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली.

गाठींच्या बाबतीत ताजी शाखा तर उष्णतेलाही टाळते. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स केन, झेन शू आणि सहकाऱ्यांनी अतिशय थोड्या वेळाचे, जबर ताकदीचे ध्वनिस्पंद वापरून ऊतीत सूक्ष्म बुडबुड्यांचा ढग उठवला. बुडबुडे फुगतात, फुटतात आणि पेशींचा लगदा होतो. ‘हिस्टोट्रिप्सी’ नावाच्या या पद्धतीला यकृतातल्या गाठींसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ती परवानगी गाठ नष्ट करण्यापुरती आहे. रुग्ण त्यामुळे जास्त जगतो का, हे त्यात तपासलेलं नाही. २०१५ मध्ये प्रोस्टेटवरच्या ध्वनियंत्रांना मिळालेल्या मान्यतेतही शब्द होते ते ‘प्रोस्टेटची ऊती नष्ट करण्यासाठी’. कर्करोग हा शब्द त्यात नव्हता. रुग्णालयांच्या जाहिरातीत तो सर्रास असतो, तेव्हा सल्ला घेताना या एका फरकाबद्दल डॉक्टरांना थेट विचारावं.